तापवायचे ते तेल, डोके नव्हे

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने एक प्रश्न विचारला होता. त्याच्या घरी वडिलांच्या वेळची डिझेल जीप आहे. तो म्हणाला, "भाऊ, डिझेल परवडत नाही आणि सरकीला भाव नाही. मग सरकीचे तेलच जीपमध्ये का ओतू नये? परदेशात लोक जुन्या मोटारी तेलावर चालवतात म्हणे." सभेत हशा पिकला. मी हसलो नाही. कारण हा उद्योग मी स्वतः करून बसलो आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

एका वर्षी तेलाचे भाव पडले होते. मी सरकीच्या तेलाचे दोन डबे आणले आणि जीपच्या टाकीत डिझेलमध्ये ओतले. अर्धे तेल, अर्धे डिझेल. पहिला आठवडा जीप झकास चालली. धुराला भज्यांचा वास यायचा, पोरे मागे धावायची. मी गावभर सांगत सुटलो की डिझेलवाल्यांची खोड मोडली. मग थंडी पडली. एका पहाटे जीप सुरूच होईना. धक्का मारून सुरू केली तर पांढरा धूर ओकायला लागली. महिनाभराने फिटरने इंजिन उघडले तेव्हा नोझलच्या तोंडावर काळ्या कोळशाची फुले धरलेली, पिस्टनच्या रिंगा खोबणीत चिकटलेल्या, आणि खालचे इंजिन ऑइल काकवीसारखे झालेले. डिझेलमध्ये जे वाचले त्याच्या कितीतरी पट फिटरने नेले. त्यात फिटरची चूक नव्हती, इंजिनाची नव्हती, तेलाचीही नव्हती. चूक अर्धवट माहितीवर उडी मारणाऱ्याची होती.

म्हणून आज हा विषय मुळापासून मांडतो.

इंजिन तेलावर चालते का?

चालते. हे काही नवे खूळ नाही. १९०० साली पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिथे ऑटो कंपनीने एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. ज्याच्या नावावरून डिझेल हे नाव पडले त्या रुडॉल्फ डिझेलने स्वतः पुढे ही हकीकत लिहून ठेवली आहे. इंजिन जमिनीतून निघणाऱ्या खनिज तेलासाठी बांधलेले होते, त्यात काहीही बदल न करता ते भुईमुगाच्या तेलावर चालले, आणि प्रदर्शन पाहणाऱ्या फार थोड्यांच्या ते लक्षात आले. ही कल्पना फ्रेंच सरकारची. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत होता, तिथली यंत्रे तिथल्याच पिकावर चालवावीत हा त्यांचा विचार. म्हणजे शेतातल्या तेलाची ताकद सव्वाशे वर्षांपूर्वी राज्यकर्त्यांना कळली होती. ती कळली नाही ती पिकवणाऱ्यांना.

मग माझी जीप का बसली? याचे उत्तर तुमच्या पाठीवरच्या फवारणी पंपात आहे. पंपाच्या नोझलमधून औषधाचे पाणी गेले की धुके उडते. त्याच पंपात गुळाचे पाणी भरा, धुके उडणार नाही, धार पडेल. डिझेल इंजिनात नेमके हेच घडते. नोझल इंधनाचे धुके करून तापलेल्या हवेत सोडते आणि ते क्षणात पेटते. डिझेल पातळ असते. ४० अंश उष्णतेला आपली खाद्यतेले डिझेलच्या साधारण दहापट दाट असतात. त्यांचे धुके नीट होत नाही, थेंब मोठे पडतात, अर्धवट जळतात. जे जळत नाही त्याचा कोळसा नोझलवर धरतो आणि उरलेले रिंगांवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते.

याला उपाय एकच, तेल पातळ करणे. आणि तेल पातळ करण्याचा सर्वात स्वस्त मार्ग उष्णता. हेच तेल ८० अंशांपर्यंत तापवले की दहापटीचा दाटपणा तिप्पट-चौपटीवर येतो. डिझेलइतके पातळ ते तेव्हाही होत नाही, पण जुन्या, दणकट इंजिनाला तेवढे पुरते.

युरोपातल्या जुन्या मोटारी

जर्मनीत हे काम पद्धतशीर झाले. लुडविग एल्सबेट नावाच्या इंजिनियरने शुद्ध वनस्पती तेलावर चालणारे इंजिनच बांधले आणि जुनी इंजिने बदलून घेण्याची पद्धत रूढ केली. लोकांनी त्यासाठी जुन्या मर्सिडीज डिझेल मोटारी निवडल्या, २४० डी, ३०० डी अशा. मर्सिडीजच का? मोठेपणा मिरवायला नाही. त्या इंजिनांत इंधन थेट पिस्टनवर पडत नाही. आधी एका लहान, लालबुंद तापलेल्या कोठीत फवारले जाते, तिथे पेट घेते आणि मग सिलिंडरमध्ये उतरते. शिवाय त्यांचा इंधन पंप इंजिन ऑइलवर वंगण घेतो. ज्या पंपाचे वंगण म्हणजे त्यातून जाणारे इंधनच, तो पंप थंड दाट तेलाने लवकर मोडतो. आपल्याकडे प्यूजोच्या इंजिनाच्या जुन्या महिंद्रा जीपमध्ये आणि जुन्या डिझेल अँबॅसडरमध्ये अशी कोठी होती. आपले बहुतेक ट्रॅक्टर मात्र थेट फवारणीचे आहेत. त्यांना अर्धवट जळालेले तेल फार लवकर बाधते.

त्या मोटारींत दोन टाक्या असतात. लहान टाकीत डिझेल, मोठ्या टाकीत तेल. मोटार सुरू करायची ती डिझेलवरच. दहा-पंधरा मिनिटांत इंजिन तापते. रेडिएटरच्या पाण्याची उष्णता ८०-९० अंशांवर जाते, आणि ही उष्णता फुकटची, एरवी वाऱ्यावर जाणारी. त्या गरम पाण्याची नळी तेलाच्या टाकीतून, तेलाच्या नळीजवळून आणि फिल्टरभोवतून फिरवतात. तेल पुरेसे तापले की तोटी फिरवून डिझेल बंद, तेल सुरू. गाडी थांबवण्याआधी चार-पाच मिनिटे तोटी पुन्हा डिझेलवर, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल उरून थंड होत नाही. हे शेवटचे पाऊल विसरले की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या जीपचे झाले ते होते.

यातून एक गोष्ट आपोआप निघते. बाजाराला पाच किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीला याचा उपयोग नाही. इंजिन तापेपर्यंत गाव येते. हा लांब पल्ल्याचा कारभार आहे.

डिझेल कधीही तापवू नका

आता एक धोक्याची सूचना. कोणी म्हणेल, तेल तापवून फायदा होतो तर डिझेलही तापवू. तसे कदापि करू नका. थंड देशांत हिवाळ्यात डिझेलमधले मेण गोठते, फिल्टर बंद पडतो, म्हणून तिथल्या गाड्यांत डिझेल कोमट करण्याची सोय असते. आपल्याकडे ती गरज नाही. जास्त तापलेले डिझेल इतके पातळ होते की पंपाच्या प्लंजरच्या कडेने निसटते, इंजिनाची ताकद पडते आणि पंपाला वंगण मिळत नाही. त्याहून मोठा धोका आगीचा. खाद्यतेलाची वाफ पेट घ्यायला दोनशे अंशांच्या वर उष्णता लागते. डिझेलची वाफ त्याच्या पाव-तृतीयांश उष्णतेलाच ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणून डिझेलचा डबा चुलीजवळ नेऊ नका. डिझेल मिसळलेले तेलही उघड्या जाळावर तापवू नका, कारण त्यात डिझेल आहे. उष्णता द्यायची ती फक्त इंजिनाच्या पाण्याची.

कोणते तेल?

सगळी तेले सारखी नाहीत. जवसाचे तेल रंगाच्या कारखान्यात का जाते? कारण ते हवेत सुकून कातडे धरते. तेच कातडे ते इंजिनात धरणार. करडईचे तेलही त्याच वाटेचे. सरकीचे मधले, भुईमुगाचे त्याहून बरे. खायला न चालणारे करंजाचे तेल सुकत नाही, पण फार दाट आणि आंबट असते. मोहाचे तेल थंडीत तुपासारखे गोठते.

करंजाचा प्रयोग आपल्या शेजारी झाला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटकातील कग्गनहळ्ळी या गावात करंजाच्या तेलावर जनित्रे चालवली आणि त्या विजेवर पाण्याचे पंप चालले. कर्नाटकात करंजाला होंगे म्हणतात. एका जागी उभे राहून तासन् तास चालणारे इंजिन या कामाला गाडीपेक्षा केव्हाही बरे.

आणि तेल स्वच्छ हवे. जर्मनीत इंधनाच्या तेलासाठी २००६ साली जे मानक ठरले, त्यात एका किलो तेलात जास्तीत जास्त २४ मिलिग्रॅम गाळ चालतो आणि पाणी ७५० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. चिमूटभर मिठाहून कमी गाळ! एक्स्पेलरमधून निघालेले सरकीचे काळपट लाल तेल या कसोटीला उभेही राहणार नाही. त्यात चिकटा असतो, आंबटपणा असतो. तो काढल्याशिवाय ते इंजिनाचे नाही. घरगुती परीक्षा सांगतो. गरम कढईत थेंबभर तेल टाका, तडतडले तर त्यात पाणी आहे. पण न तडतडलेले तेल स्वच्छ आहेच असे समजू नका.

जर्मन सरकारने याच सुमाराला शंभरावर ट्रॅक्टर मोहरीच्या जातीच्या तेलावर चालवून पाहिले. रॉस्टॉक विद्यापीठाने २००५ पर्यंत त्यांच्यावर देखरेख ठेवली. निम्म्याहून अधिक ट्रॅक्टर मोठ्या दुरुस्तीशिवाय चालले, काहींची इंजिने बसली. निष्कर्ष दोन. तेलाच्या स्वच्छतेत हयगय नको, आणि इंजिन ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदला.

आता हिशेब

आपण चळवळीची माणसे. यंत्र चालते म्हणून आपण टाळ्या वाजवत नाही, परवडते का ते विचारतो.

एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६३ किलोच्या आसपास सरकी. एक्स्पेलरवर सरकीतून १२ टक्के तेल धरा, साडेसात किलो होते. कोरडवाहू एकरी पाच क्विंटल कापूस झाला तर ३७-३८ किलो, म्हणजे ४० लिटर तेल. एकरभर कापसाचे सगळे तेल घातले तर दहाच्या ॲव्हरेजची जीप चारशे किलोमीटरही पुरती जात नाही. वर्षभराचा घाम, आणि नागपूरला जाऊन येणे!

भाव रोज बदलतात, म्हणून मी भाव सांगत नाही, रीत सांगतो. लिटरभर तेलाचे वजन ९२० ग्रॅम. लिटरमागे तेलाची ताकद डिझेलपेक्षा पाच-सात टक्के कमी. दोन्ही जमेस धरले की एक किलो तेल म्हणजे एक लिटर डिझेल, असा सोपा हिशेब बसतो. स्वच्छ केलेल्या तेलाचा किलोचा भाव डिझेलच्या लिटरच्या भावाखाली गेला तरच पुढचा विचार करायचा. त्यातही फिल्टर, जादा इंजिन ऑइल, दुसरी टाकी आणि सुरू-बंद करताना लागणारे डिझेल यांचा खर्च निघायला हवा. बरोबरीचा भाव म्हणजे तोटाच.

मग युरोप-अमेरिकेत लोकांना परवडले कसे? पुष्कळांना तेल फुकट मिळाले. हॉटेलात तळून टाकून दिलेले तेल गाळून त्यांनी गाडीत घातले. दुसरे कारण डिझेलवरचा कर. २००२ साली ब्रिटनमध्ये वेल्स भागात लोक दुकानातले खाद्यतेल विकत घेऊन गाडीत ओतू लागले, कारण करासकट डिझेलपेक्षा ते स्वस्त पडत होते. तेव्हा सरकारची माणसे रस्त्यावर गाड्या अडवून टाक्या तपासू लागली. तेल चोरीचे नव्हते, विकत घेतलेले होते. गुन्हा एवढाच की सरकारचा कर बुडाला. पुढे ३० जून २००७ पासून वर्षाला २५०० लिटरपर्यंत असे इंधन बनवणाऱ्याला वा वापरणाऱ्याला करातून मोकळीक मिळाली. जर्मनीत उलटे झाले. तिथे खेड्यापाड्यांत शेकडो छोट्या तेलघाण्या उभ्या राहिल्या होत्या. २००८ पासून या तेलावर वाढता कर बसू लागला आणि गाड्यांचे गिऱ्हाईक आटले.

इंजिन तापमानावर चालते, पण इंधनाचा धंदा सरकारच्या करावर चालतो, हे यावरून ध्यानात घ्या.

आपली मागणी काय?

कोणी म्हणेल, एकरी ४० लिटरसाठी एवढे भाषण कशाला? इथेच खरी गोम आहे.

कापसाच्या वजनातला जवळजवळ दोन-तृतीयांश भाग सरकी आहे. सरकी पडली की कापूस पडतो. सरकी का पडते? परदेशातून पामतेलाची जहाजे लागली की इथले तेल पडते. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते आणि आयात शुल्क केव्हा वाढेल, केव्हा उतरेल याचा नेम नाही. अशा वेळी तेलाला इंधनाचे दुसरे गिऱ्हाईक मोकळे असेल, तर तेलाचा भाव डिझेलच्या भावाखाली फार दिवस राहू शकणार नाही. कारण त्याखाली गेला की कोणीतरी ते जाळायला घेईल. आपण एक थेंबही जाळला नाही तरी चालेल. जाळण्याची मुभा आहे, एवढ्यानेच भावाखाली टेकू लागतो. एकच गिऱ्हाईक असले की काय होते ते विदर्भ-मराठवाड्याला सांगायला नको. १९७२ पासून तीस वर्षे कापूस एकाधिकार खरेदी आपण भोगली आहे.

ऊसवाल्याला आणि मकेवाल्याला इथेनॉलच्या रूपाने हे दुसरे गिऱ्हाईक मिळाले. पेट्रोलमधले मिश्रण २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. गोड ज्वारीचे नाव २०१८ च्या जैवइंधन धोरणात आहे, ते आपल्या ज्वारीच्या पट्ट्याने विसरू नये. तेलाचे काय झाले? २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची लाखो हेक्टरची योजना मांडली. २००५ साली सरकारने बायोडिझेलचा खरेदी भाव जाहीर केला, लिटरला २५ रुपये. उत्पादन खर्च त्याहून जास्त होता. सरकारी केंद्रे वाट पाहत बसली, तेल आलेच नाही. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे स्वप्न दाखवले. २०१८ च्या धोरणाने बायोडिझेलसाठी ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणले. ज्यांनी बांधावरच्या, पडीक जमिनीत मोगली एरंड लावला त्यांनी तो उपटून सरपणाला नेला. भाव सरकारने ठरवायचा आणि घाम शेतकऱ्याने गाळायचा, हा जुनाच खेळ.

म्हणून आपली मागणी अनुदानाची नाही. शेतकऱ्याने आपल्या शेतातले तेल आपल्या इंजिनासाठी वापरले तर त्यावर कर नको, परवान्याचे झेंगट नको, आणि सरकारने ठरवलेला भावही नको. खुल्या बाजारात जे गिऱ्हाईक जास्त देईल त्याला विकू. कढईवाला देईल तर कढईवाल्याला, टाकीवाला देईल तर टाकीवाल्याला.

आता त्या तरुण मित्राला उत्तर देतो. तुझी जीप जुनी असेल, तिच्यात कोठीचे इंजिन असेल, तर तापवलेल्या स्वच्छ तेलावर ती चालेल. पण दोन टाक्यांशिवाय, गरम पाण्याच्या नळीशिवाय हात लावू नकोस. नव्या कॉमन रेल गाडीच्या तर जवळही जाऊ नकोस, तिथे हजार बारच्या वरचा दाब असतो, एक पंप गेला तर बैल विकावा लागेल. रस्त्यावरच्या गाडीचे इंधन बदलायचे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, नाहीतर अपघातानंतर विमावाले हात वर करतील. आणि सगळ्यात आधी कागद-पेन्सिल घे. तेलाचा किलोचा भाव एकीकडे लिही, डिझेलचा लिटरचा भाव दुसरीकडे.

आज तो हिशेब जुळत नसेल तर जीपमध्ये डिझेलच घाल आणि सरकीच्या भावासाठी आमच्याबरोबर उभा राहा. ज्या दिवशी जुळेल, त्या दिवशी आपल्याला अडवायला कोणी आडवे येता कामा नये. त्याची तयारी आजपासून करायची आहे.